मालधक्क्यातली ओल

"देवमन, अकोल्याच्या ऑफिसात नत्थुजी म्हणून चपराशी आहे, तो तुमचा मेहुणा ना?" साहेबांनी फायली बांधता बांधता विचारलं, आणि देवमनच्या हातातला ट्रेसिंग क्लॉथचा गुंडाळा सुटला तो टेबलावरून थेट दारापर्यंत उलगडत गेला. बासष्ट सालचा मार्च, शनिवार, अर्ध्या दिवसाची कचेरी संपायला वीसेक मिनिटं उरलेली. साहेबांची बदली अकोल्याला झाल्याचं अमरावतीच्या सगळ्या कचेरीला आठवडाभर माहीत होतं, देवमनलाही होतं. पण बदली म्हणजे माणूस इथून जाणार एवढंच त्यानं धरलं होतं, तो कुठंतरी पोचणारही आहे हे त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. शिरू दिलं नव्हतं म्हणा. साहेब म्हणाले, सोमवारी चार्ज घेतोय, चला, एक तरी ओळखीचा माणूस भेटेल तिथं. मग आवाज जरा उतरवून म्हणाले, तुमच्या पत्नीही सध्या भावाकडेच आहेत ना? त्यांना एकदा भेटून येईन. मुलीचं झालं तेव्हा यायचं राहिलं, ते मनाला लागून आहे. देवमन हो म्हणाला. खाली बसून गुंडाळा गोळा करताना त्याला वाटलं, आता इथंच बसून राहावं, कोणी उठ म्हणू नये. 

यात तोंडचं पाणी पळण्यासारखं काय होतं? गोष्ट एवढीच होती. सात महिन्यांपूर्वी, श्रावणातल्या एका रविवारी, त्याची सहा वर्षांची केशर तापानं फणफणली होती, छातीत घरघर होती, आणि बायको मनकर्णा म्हणाली होती की पोरीला दवाखान्यात नेऊ. देवमन म्हणाला, साहेबांच्या बंगल्यावर जाऊन घंट्याभरात येतो. तो गेला नऊला आणि परतला एक वाजून गेल्यावर. तोवर मनकर्णानं वाट पाहून पाहून एकटीनंच टांगा केला होता. पोर मंगळवारी गेली. रविवारी दुपारी धापा टाकत तो दवाखान्याच्या व्हरांड्यात पोचला तेव्हा मनकर्णा त्याला पाहताच म्हणाली होती, "सायबानं सोडलं नाई ना तुमाले?" आणि देवमननं मान हलवली. बस्स. तोंडानं तो खोटं बोलला नाही, नुसती मान हलवली. पण त्या एका मान हलवण्यावर सात महिने त्याचा संसार तगला होता. मनकर्णानं सारा जाळ साहेबाच्या नावानं काढला, नवऱ्याला एका शब्दानं बोलली नाही. वस्तीनंही लगेच खरं मानलं. मोठे लोक ते, त्यांना गरिबाच्या लेकराचं काय सोयरसुतक. आणि नत्थुजी, तिचा मोठा भाऊ, मातीला आला होता तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला होता, तो माणूस जिनगानीत एकदा माह्यासमोर येऊ द्या, मी त्याले इचारल्याबिगर राहत नाई. आता तो माणूस सोमवारी साडेदहाला नत्थुजीसमोर येऊन बसणार होता. नत्थुजी विचारणार होता, आणि साहेब जे खरं तेच सांगणार होते, की बाबा रे, मी त्याला घरी जा म्हणून एकदा सोडून दोनदा म्हटलं होतं.

कचेरी सुटल्यावर तो घरी गेला नाही. सायकल कचेरीतच ठेवली आणि बडनेऱ्याची गाडी धरली. तिसऱ्या कोणाच्या तोंडून मनकर्णाला कळण्याआधी आपण सांगायचं, एवढंच ठरलं होतं. कसं सांगायचं ते ठरत नव्हतं. बडनेऱ्याला अकोल्याकडची पॅसेंजर यायला वेळ होता. बाकावर बसला, पण हे स्टेशन काही त्याला सुखानं बसू देईना. इथल्या एकेका खांबाचं माप त्याला पाठ होतं. खांबापासून खांब चौदा फूट, छपराची पाळ खाली साडेनऊ फुटांवर, तिकिटाच्या खिडकीचा कोनाडा दोन फूट तीन इंच. तीन वर्षांपूर्वी ओळीनं सहा रविवार तो इथं टेप घेऊन फिरला होता. रेल्वेच्या पोलिसानं एकदा हटकलं, काय मोजून राहिला बे, म्हणून; देवमननं साहेबांचं नाव सांगितलं तर पोलीस नरमला आणि टेपचं दुसरं टोक धरून उभा राहिला. वलगावच्या वेशीबाहेरच्या घरात वाढलेल्या माणसासाठी पोलिसानं टेप धरावा! ते सांगताना त्या दिवशी घरी तो किती हसला होता, आणि केशर कशाला हसायचं ते न कळूनच हसत सुटली होती. आता त्याच खांबाला पाठ लावून कोणी म्हातारी तंबाखू मळत होती आणि देवमनला तिचं तोंड पाहवत नव्हतं. जगातल्या प्रत्येक माणसाला आपलं खरं माहीत आहे आणि तो भिडेखातर गप्प आहे, असं त्याला वाटत होतं.

साहेबांच्या बागेत आगगाडी होती. खेळण्यातली म्हणावी तर खेळण्यातली, पण रूळ लोखंडी, डबे हातभर, चावीचं इंजिन. साहेबांच्या सासऱ्यांनी देश सोडून जाणाऱ्या कोणा इंग्रजाकडून ती घेतली होती. साहेबांना मूलबाळ नव्हतं. ते स्वतःच गुलाबाच्या ताटव्यांभोवती, आंब्याखालून, सिमेंटच्या नाल्यावरून रूळ टाकत बसायचे. गाडी होती, पण तिला थांबायला जागा नव्हती. मग एकदा कचेरीत, कोणा मोठ्या पाहुण्याला दाखवायला म्हणून देवमननं नव्या इमारतीची पुठ्ठ्याची प्रतिकृती केली, ती साहेबांनी हातात घेतली, खिडकीतून आत पाहिलं आणि म्हणाले, हे हात ट्रेसरचे नाहीत. बाप रे, त्या एका वाक्यानं काय केलं म्हणून सांगावं! ट्रेसर म्हणजे दुसऱ्यानं ओढलेल्या रेघेवरून रेघ ओढणारा. बारा वर्षं देवमन तेच करत होता, आणि त्यातही वस्तीतला पहिला म्हणून त्याचा मान होता. छप्पन साली नागपूरला जाऊन आल्यावर बापानं घरातले जुने देव नदीत सोडले आणि पोराला म्हणाला होता, आता खाली मान घालून राहायचं नाही. पण रेघ ओढायची तर मान खालीच घालावी लागते, ते बापाला काय माहीत.

साहेबांनी बडनेरा स्टेशन करायला सांगितलं. बत्तीस फुटाला एक फूट. पहिलं स्टेशन त्यानं पुठ्ठा आणि फळ्या सरसानं चिकटवून केलं, वर रंग मारला, आणि भर जुलैत एका दुपारी ते गुडघे मोडून खाली बसलं. सरस पाण्यात विरघळतो हे सुताराच्या पोराला कळलं असतं, ते याला कळलं नाही. साहेब रागावले नाहीत. म्हणाले, माप लहान केलंत, पण पाऊस लहान करता येत नाही, देवमन. ते त्याच्या डोक्यात बसलं. बत्तीसपट लहान छपरावर पडणारा थेंब संत्र्याएवढा असतो. त्या संत्र्यांच्या माऱ्याखाली टिकेल असं घर बांधायचं, हा त्याला ध्यासच लागला. मग इतवारा बाजारातला बशीर टिनवाला जोडीला आला. भिंती सागवानी फळीच्या, जवसाच्या तेलात चार दिवस मुरवलेल्या. सांध्यात शेंदूर आणि तेलाची लांबी, म्हणजे पुटी, भरलेली. खिळे नाहीत, गंजतात, पितळी स्क्रू. छप्पर जस्ती पत्र्याचं, बशीरनं कथलाचा डाग देऊन सांधलेलं. खिडक्यांना जुन्या फोटोंच्या काचा. स्टेशन झालं, सिग्नलची केबिन झाली, गँगमनच्या खोल्या झाल्या. तपासायची रीतही देवमननंच काढली. टीपकागदावर कॉपिंग पेन्सिलनं रेघ मारायची आणि कागद आत ठेवून द्यायचा. कोरडी असली तर रेघ करडी राहते. जराशी ओल लागली तरी जांभळी होते. पाऊस थांबला की छप्पर उचलायचं, कागद पाहायचा. साहेब, बशीर आणि देवमन, तिघंही तेव्हा श्वास रोखून धरायचे. नंतर चहा यायचा, आणि तो साहेबांच्याच कपबशीत यायचा. ज्याच्या बापाला वलगावात लोकांनी वरून ओंजळीत पाणी घातलं त्याला ही कपबशी काय वाटत असेल! देवमन रविवारची वाट आठवडाभर पाहायचा, हे त्यानं मनकर्णालाही कधी कळू दिलं नाही. केशरला एकदा नेलं होतं बागेत. ती पालथी पडून स्टेशनाच्या खिडकीतून आत पाहत राहिली आणि म्हणाली, बाबा, यातले लोक कुठीसा गेले? लोक केलेच नाहीत म्हटल्यावर तिनं फ्रॉकच्या खिशातून चिंचोके काढून प्लॅटफॉर्मवर ओळीनं मांडले.

पॅसेंजर आली. गर्दी फार नव्हती, खिडकी मिळाली. कुरूम स्टेशन गेलं. बाहेर कापूस वेचून झालेली पऱ्हाटीची रानं उलंगून गेलेली, नुसत्या काड्या उभ्या, आणि ऊन असं की डोळे आपोआप मिटावेत. देवमननं ते मिटले आणि त्याला जिथं जायचं नव्हतं तिथंच तो गेला. त्या रविवारी सकाळपासून पाऊस होता. स्टेशन वगैरे सगळं दोन वर्षं कोरडं राहिलं होतं, पण नव्यानं केलेला मालधक्का, लांबलचक, मोठ्या दारांचा, त्याची रेघ आठवडाभर रोज जांभळी येत होती. झोपेतही ती त्याच्या डोक्यात होती. मनकर्णा पोरीच्या छातीला तेल चोळत म्हणाली, इची छाती वाजून राहिली, नेऊ आत्ताच. आणि त्याला बाहेर पाऊस दिसत होता. असा संततधार पाऊस म्हणजे ओल कुठून येते ते पकडायची संधी. उघडला की गेली. घंट्याभरात येतो, तो म्हणाला. खरंच तसं मनात होतं. निदान दारातून निघेपर्यंत होतं.

बंगल्यावर बशीर आधीच आला होता. साहेबांनी छत्री धरली. छप्पर उचललं तर रेघ जांभळी. बशीरनं सांध्यांवरून घासलेटाचं बोट फिरवलं, भोक असलं तर घासलेट पलीकडे उमटतं; एक बारीक भोक मिळालं, त्याला डाग दिला. पुन्हा कागद, पुन्हा पाऊस, पुन्हा जांभळी. साहेबांनी पोरीची चौकशी केली. ताप आहे म्हटल्यावर म्हणाले, मग तुम्ही जा, हे उद्या पाहू. देवमन म्हणाला, हो, निघतोच. दारांच्या बिजागऱ्या पाहिल्या, खिडक्यांच्या काचांभोवती भरलेली लांबी पाहिली. बशीर निघताना म्हणाला, भई, बच्ची बीमार है बोल्या ना तू, चल मेरे साथ. देवमन म्हणाला, तू हो पुढं. साहेब व्हरांड्यातून पुन्हा ओरडले, देवमन, अहो, घरी जा. आणि देवमननं हात वर करून दाखवला, झालंच म्हणून. त्यानंतर तो एकटाच होता. गुडघे चिखलात, पाठ भिजलेली, नाकाच्या शेंड्यावरून पाणी ठिबकतंय, आणि त्याला सुचलं की एक रेघ मारून चालायचं नाही, चारी भिंतींपाशी रेघा मारायच्या आणि ओल कुठून सुरू होते ते पाहायचं. कागद आत ठेवला, वाट पाहिली, काढला. मधे करडी, आणि भिंतींपाशी, अगदी खालच्या कडेला, जांभळी. खालून! इतके दिवस तिघंही वर पाहत होते, छपराला दोष देत होते, आणि पाणी जमिनीतून येत होतं. मातीतल्या जोत्यावर टेकलेल्या सागवानी फळ्या मुळांसारखं पाणी शोषून वर आत सोडत होत्या. त्यानं शेडमधून चहाच्या जुन्या पेटीतला शिशाचा पत्रा आणला, कात्रीनं पट्ट्या कापल्या, अख्खा मालधक्का उचलून जोत्यावर त्या अंथरल्या, वर पुन्हा बसवला. मग टीपकागद. मग वाट. मुसळधार पाऊस त्याच्या पाठीवर पडत होता आणि आत, वीतभर उंचीच्या त्या अंधारात, रेघ करडी होती. करडी! तो चिखलातच मांडी घालून बसला आणि हसला. आयुष्यात त्याला इतकं सुख कधी झालं नव्हतं, लग्नात नाही, नोकरी लागली तेव्हा नाही, केशर झाली तेव्हासुद्धा नाही. आणि त्या सगळ्या वेळात, नऊपासून एकपर्यंत, त्याला पोरीची आठवण एकदाही झाली नव्हती. दुसऱ्यांनी नाव काढलं तेव्हा कानावर पडली, तेवढीच. खरं ते हे होतं. साहेबानं अडवलं नाही एवढंच सांगून भागणार नव्हतं.

मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ उभी राहिली. पलीकडच्या अरुंद रुळावर शकुंतला गाडीचे छोटे डबे उभे होते. ती खेळण्यासारखी गाडी दिसताच त्यानं खिडकीची झडप ओढून घेतली. त्या दिवसानंतर साहेबांनी बागेतली गाडी पुन्हा चालवली नाही. इंजिनाला तेल लावून ते कापडात बांधून ठेवलं आणि देवमनला दहा दिवसांची रजा दिली, वर स्वतःहून म्हणाले, मी घरी येऊन तुमच्या पत्नीला भेटतो. त्याला त्यानं दोनदा टाळलं. बाई सध्या कोणाशी बोलत नाही म्हणून सांगितलं. ज्या माणसानं त्याला तुम्ही म्हटलं, स्वतःच्या कपात चहा दिला, त्याला हा वस्तीतल्या चार घरांत रोज शिव्या खाऊ देत होता आणि सकाळी जाऊन त्यालाच नमस्कार करत होता. लाज वाटायची, पण लाजेनं माणूस मरत नाही, जेवतो, झोपतो, पगार घेतो. बशीर तेवढा पक्का. त्यानं कुठं चकार शब्द काढला नाही, पण इतवाऱ्यातून देवमन जाताना दिसला की तो भट्टीत फुंकणी घालून बसायचा, मान वर करायचा नाही. देवमननं तो रस्ताच सोडला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही त्यानं नंतर एकदा गाठून विचारलं होतं, सकाळी आणली असती तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही हो. हो म्हणाले असते तर मरून जाता आलं असतं, नाही म्हणाले असते तर जगता आलं असतं. दोन्ही दारं त्यांनी अर्धी उघडी ठेवली.

बोरगाव मागे पडलं तशा त्याच्या मनात पळवाटा फुटायला लागल्या. नत्थुजीलाच बाजूला घेऊन सांगावं का, की साहेबाला काही विचारू नका? तो 'काहून?' म्हणेल, त्याला काय सांगायचं? साहेबांनाच गाठावं आणि पाय धरावेत, की विचारलं तर मी अडवलं म्हणा? ते म्हणतीलही, तसला माणूस आहे तो, दुसऱ्याचं पाप अंगावर घेईल. आणि ही कल्पना आपल्याला सुचली याचीच त्याला अशी किळस आली की त्यानं स्वतःच्या मांडीला चिमटा घेतला. मनकर्णाला आजच अमरावतीला घेऊन जावं? पण नत्थुजीचं तोंड अकोल्यातून अमरावतीला पोचायला कितीसा वेळ. शेवटी एकच उरत होतं. ती काय करेल? रडेल, मारेल, वीट उचलून घालेल. घालू दे. त्याला वाटलं, सांगितल्यावर निदान आपल्याला रडता येईल. पोर गेल्यापासून त्याला एकदाही नीट रडता आलं नव्हतं, कारण रडायला लागलं की ज्याला त्याला वाटायचं तो बाप म्हणून रडतोय.

अकोल्यातल्या अकोट फैल वस्तीत नत्थुजीचं घर स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर. ऊन कलायला आलं होतं. नत्थुजी बाजारात गेला होता. त्याची बायको सुभद्रा दारात भेटली, तिनं पाणी दिलं आणि नळावर गर्दी होईल म्हणून घागर घेऊन निघून गेली. मनकर्णा मागच्या पडवीत बसून तांदूळ निवडत होती. दिवाळीपासून ती इथं होती, जिनिंग कारखान्यात कापूस निवडायला जात होती, आणि महिन्याकाठी देवमन यायचा तेव्हा ती त्याच्याशी बोलायची ते एका साहेबाबद्दलच. त्याचं वाटोळं होवो, त्याच्या घरात दिवा न लागो. आज मात्र तिचं तोंड निवळलेलं दिसलं. केसांना तेल लावलं होतं. ती म्हणाली, बरं झालं आले, तुमाले चिठ्ठीच टाकनार होती. दादाले म्हटलं मी, आता बस झालं, जयंतीच्या आंधी मी आपल्या घरी जातो. तुमचे खान्याचे हाल होऊन राहिले असतीन. उद्या सोबतच जाऊ.

देवमन उंबऱ्यावर टेकला. दिवाळीपासून तो या वाक्यासाठी अकोल्याच्या चकरा मारत होता. ते आज मिळालं, अगदी हातात मिळालं. नुसतं बरं म्हणायचं होतं. सोमवारचं सोमवारी, तोवर दोन दिवस तर ती घरात असेल, चुलीपुढं असेल. त्यानं तोंड उघडलं तेव्हा आपण काय बोलणार आहोत हे त्यालाच माहीत नव्हतं.

"सायबानं मले अडोलं नव्हतं," तो म्हणाला.

तिचा हात सुपात थांबला. त्यानं तिच्याकडं न पाहता सगळं सांगितलं. मालधक्का, जांभळी रेघ, शिशाच्या पट्ट्या, साहेब काय म्हणाले, बशीर काय म्हणाला. सांगताना त्याला कळत होतं की ओल कुठून आली ते आपण फार बारकाईनं सांगतोय, आवाजात त्या दिवसाचा जोरही येतोय, आणि तरी त्याला थांबता येईना. मग थांबला. पलीकडच्या घरात कोणीतरी सरपण फोडत होतं.

"किती डाव म्हनलं सायबानं, घरी जा म्हनून?"

"दोन डाव. बशीरनं एक डाव."

"अन् तुमाले तिची आठोन नाई झाली."

"नाई."

"एकदाबी?"

"नाई, मनकर्णे. मी खुशीत होतो."

तो वाट पाहत राहिला. वीट, शिवी, काहीतरी. मनकर्णानं सूप बाजूला ठेवलं, पदरानं हात पुसले. रडली नाही. ती बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता, बाजारात भाजी काय भावानं मिळाली ते सांगावं तसा.

"टांग्यात केशर पुसे, बाबा काहून नाई आले. तिले बोलाले दम पुरत नव्हता, तरी पुसे. मी तिले सांगतलं, तुये बाबा येऊनच राहिले होते, पन सायबानं सोडलं नाई. मी आपल्या मनानंच सांगतलं. मंग ती उगी राहिली. ते खरं धरून गेली पोर." ती थांबली. "मीबी तसंच धरून जगली असती. तुमाले कायले सांगा लागलं?"

म्हणजे त्या दिवशी व्हरांड्यात तिनं विचारलं तो प्रश्न नव्हताच. पोरीला दिलेलं उत्तर खरं करून घ्यायला ती त्याच्या तोंडाकडं पाहत होती. आणि त्यानं मान हलवली होती. आज ते मान हलवणं त्यानं परत घेतलं, कोणासाठी? आपल्याला रडता यावं म्हणून. आता तर रडूही येत नव्हतं.  मागं एवढंच उरलं की सात महिने ज्याच्यावर राग काढून ही बाई जगली तो माणूसही त्यानं तिच्यापासून काढून घेतला होता.

नत्थुजी पिशवी घेऊन आला, भाऊजी केव्हा आले म्हणाला, आणि दोघांची तोंडं पाहून त्यानं आपल्या परीनं अर्थ लावला. जवळ येऊन खाली बसला. तो साहेब सोमवारी आपल्याच हापिसात येऊन राहिला हे त्याला कळलं होतं. तो म्हणाला, भाऊजी, तुमी काळजीच करू नका, नोकरी गेली तरी बेहत्तर, मी त्याले भर हापिसात इचारतो.

"त्याले काही इचारू नका," देवमन म्हणाला. "त्याचा दोष नाई. माहा हाय. त्यानं मले जा म्हनलं होतं, मीच गेलो नाई. पोर माह्यानं गेली, नत्थुजी."

नत्थुजीनं त्याच्याकडं पाहिलं. त्याचे डोळे भरून आले. त्यानं देवमनच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "असं साऱ्याच बापायले वाटते, भाऊजी. लेकरू गेलं की मानूस सारं आपल्याच अंगावर घेते. तुमच्यासारखा बाप नाई पाह्यला मी."

देवमननं मनकर्णाकडं पाहिलं. तिनं सांगावं, हे खरं बोलून राहिले म्हणावं, एवढीच त्याची आता मागणी होती. ती उठली, आत गेली. चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज आला, पीठ थापल्याचा आवाज आला. नत्थुजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता आणि तो हात त्याला सहन होत नव्हता, पण झटकायचं बळही नव्हतं.

"दादा," आतून मनकर्णा म्हणाली, "यायले सकायच्या गाडीत बसवून देजो."

"अन् तू? तू बी जानार होती ना उद्या?"

आत भाकर उलटल्याचा आवाज झाला.

"मी कायले?" ती म्हणाली.